दिवा वाढवायचा राहिला

"बाबा, हा कॉम्प्युटरचा डब्बा आता भंगारात देऊन टाका," मुलगा म्हणाला.

माझ्या बायकोला जाऊन सहा महिने झाले होते. मुलगा पुण्याहून दोन दिवसांसाठी आला होता आणि आल्या आल्या घरात मोजमाप घ्यायला लागला होता. खिडकीखालच्या टेबलाच्या जागी पलंग टाकायचा, माझ्या गुडघ्यांना बरं पडेल. कपाट इकडं सरकवायचं. मी बाजेवर बसून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. मायचं घर सहा महिन्यांत फूटपट्टीनं मोजून राह्यला.

"चालते तो," मी म्हटलं.

"काय चालते? लावून पाहा बरं."

मी उठलो, तिनं जुन्या साडीचं शिवलेलं झालरीचं कव्हर काढलं आणि बटण दाबलं. आतून तीनदा पीं-पीं झालं. पडदा काळा. पुन्हा दाबलं. पुन्हा पीं-पीं.

"पाह्यलं?" मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर होता. जिवंत माणसाशी जिंकला असता तर गोष्ट वेगळी. मी त्याला म्हटलं, "तुई गाडी कितीची हाय? ते पाय. डब्ब्याचं मी पाहतो." तो गेला, त्याचा जेवणाचा डबाही मी भरून दिला नाही. तिनं दिला असता.

तो कॉम्प्युटर त्याचाच. कॉलेजात असताना हट्ट करून घेतला, नोकरी लागली तसा सोडून गेला. त्याच्या कोण्या मित्रानं त्यात एक खेळ टाकून दिला होता. मिठाच्या खाणीत एक माणूस अडकलेला असतो, त्याला बाहेर काढायचं. पडद्यावर चित्र येतं, खाली इंग्रजीत दोन ओळी. आपण इंग्रजीत हुकूम लिहायचा: दार उघड, दोरी घे, खाली उतर. बरोबर लिहिलं तर माणूस ऐकतो. चुकलं तर खाली एक ओळ येते. त्या ओळीचा अर्थ मला तिनंच सांगितला होता, 'तू काय म्हणतो ते मले समजलं नाई.'

"आपल्या घरी एक असाच हाय," ती वर म्हणाली होती.

मी चौथी पास. ती सातवी झालेली. सातवीचा तोरा तिनं कधी दाखवला नाही, पण माझ्या मनात ते होतं. मी स्टो दुरुस्त करायचो. स्टो, कंदील, गॅसबत्ती. वर्ध्याच्या बाजारात माझं साडेतीन हात रुंदीचं दुकान होतं. वॉशर बदलणं, पिन मारणं, बर्नर उजळणं. गॅसच्या शेगड्या आल्या, वीज टिकायला लागली, तसं गिऱ्हाईक आटलं. शेवटची दोन-तीन वर्षं तर मी तिथं जुने कंदील पुसत बसायचो. मग बंद केलं आणि नालवाडीतल्या घरी येऊन बसलो, आणि बसलो म्हणजे तिच्या उरावर बसलो.

ती दुपारी भांडी घासून झाली की त्या टेबलापाशी बसायची. मुलाच्या उरलेल्या वहीत डाव्या बाजूला मराठीत लिहायची, उजव्या बाजूला इंग्रजी अक्षरं एकेक करून काढायची. खाणीचा नकाशा तिनं रांगोळीसारखा काढला होता. आधी सारे ठिपके, मग ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा. हा ठिपका विहिरीची खोली, हा ठिपका पाळण्याची खोली, हा जिथं माणूस नेहमी मरतो तो. वीस-बावीस वर्षं ती त्या खाणीत होती. पाहुणे आले की मी सांगायचो, "आमच्या घरची बाई खाणीत कामाले जाते." सगळे हसायचे. तीही हसायची. ती का हसायची, ते मी कधी विचारलं नाही.

मुलगा गेल्यावर मी टेबलाचा खण उघडला. वही होती. वहीचं शेवटचं लिहिलेलं पान पाहिलं. तिचं अक्षर गोल. 'आता एकच राहिलं. दिवा वाढवला की बाहेर. पण आज नाही. हे पाहतील तेव्हा.'

'हे' म्हणजे मी. माझं नाव तिनं तोंडानं कधी घेतलं नाही, वहीतही नाही.

आणि मला तो दिवस आठवला. चांगला आठवला. नसता आठवला तर बरं झालं असतं. थंडी सुरू झाली होती. मी दुपारचा झोपून उठलो होतो. ती टेबलापाशी अर्धी वळून बसली होती आणि तिच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवलेली होती. ती खुर्ची मी शर्ट टाकायला वापरायचो. तिनं शर्ट उचलून घडी करून बाजूला ठेवले होते.

"या ना जी, बसा. आता बाहेर निघून राह्यला माया माणूस. एक डाव पाहा."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "तुया माणूस तू काढ. मले चहा पाह्यजे."

तिनं खेळ तिथंच ठेवून द्यायचं, लाल टिकली लावलेलं बटण दाबलं आणि चहा ठेवायला गेली. मी शर्ट पुन्हा खुर्चीवर टाकले. त्यानंतर तिनं मला बोलावलं नाही. दीड महिन्यानं छातीत दुखलं, दोन दिवस दवाखान्यात, आणि गेली. वीस वर्षांचं काम एका हुकमावर आणून सोडलं, मी पाहावं म्हणून. आणि आता तो डब्बा पीं-पीं करून मला हाकलत होता.

मला तो खेळ पाहायचा होता. तिनं काय ठेवलं होतं ते पाहायचं होतं. त्यापलीकडं या वयात मला कोणाकडून काहीही नको होतं.

वर्ध्यात तीन दुकानं फिरलो. पहिला म्हणाला, नवीन घ्या. दुसऱ्यानं डब्बा उघडायच्या आधीच तोंड वाकडं केलं. तिसरा मोबाईलवर बोलता बोलता मला हातानं 'जा' म्हणाला. मी म्हटलं, "तोंड नाई का तुले?" तेव्हा कुठं त्यानं फोन बाजूला केला आणि म्हणाला, "काकाजी, पुलगावले एक जण हाय. पहिले कॉम्प्युटर क्लास चालवत होता. जुना माल त्याच्याचजवळ भेटन."

दुसऱ्या दिवशी एसटीनं निघालो. डब्बा तिच्या शालीत गुंडाळून मांडीवर, कीबोर्ड आणि वही पिशवीत, पडदा घरीच. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय जी, टीव्ही?"

"बायकोचा खेळ हाय."

मागून कोणी तरी हसलं. मी वळून पाहिलं, हसणं बंद झालं. पुलगाव येईस्तोवर कोणी माझ्या बाजूला बसलं नाही, तेही बरंच. डब्ब्याला कोपर लागलं असतं.

त्या माणसाचं दुकान म्हणजे आता झेरॉक्स आणि फोटो. पन्नाशीचा, पोट सुटलेला, कानात पेन. मागच्या खोलीत मात्र त्याच्या क्लासच्या जुन्या कॉम्प्युटरांची मढी एकावर एक रचून ठेवलेली. मी टेबलावर डब्बा ठेवला. त्यानं शाल काढली आणि पहिल्यांदाच कोणी तरी त्या डब्ब्याकडं नीट पाहिलं.

"अरे बापा," तो म्हणाला. "हा तर आमच्या क्लासच्या जमान्याचा. कायले आणला जी? दान द्याले?"

"चालू कराले."

"कायले?"

मी वहीचं पान उघडून त्याच्यापुढं केलं. त्यानं वाचलं. मग मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पेचकस हातात घेतला. एवढं मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो, कारण पुढं मी त्याच्यावर बराच ओरडलो.

झाकण काढलं. आत बोटभर धूळ आणि कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची टरफलं. मला लाज वाटली, जशी स्वयंपाकघर कोणी पाहिल्यावर तिला वाटायची. त्यानं ब्रश मारला. एक हिरवी पट्टी उपसून काढली, तिच्या पिवळ्या दातांवर शाळेतलं खोडरबर घासलं, पुन्हा दाबून बसवली.

"खोडरबर?" मी म्हटलं.

"गंज चढते जी. संपर्क तुटते."

हे मला समजलं. बर्नरला काजळी धरली की आम्हीही तेच करायचो, फक्त खोडरबराच्या जागी पिन. त्यानं डब्बा आपल्या पडद्याला जोडून बटण दाबलं, पीं-पीं गेली. पडदा पांढऱ्या अक्षरांनी भरला आणि तिथंच थांबला.

"आता काय?"

"याच्यात एक गोल सेल असते, घड्याळासारखा. तो मेला. याले आता काही याद नाई. तारीख कोणती, डिस्क कोणती, सब भूल गया."

"सहा महिन्यांत?"

"रोज चालू असन तं नाई भुलत. बंद पडून राह्यला का सेल खल्लास."

म्हणजे हेही माझंच. सहा महिने मी त्या कव्हराला हात लावला नव्हता. कोणी टेबलाजवळ गेलं तरी अंगावर जायचो. जपत होतो म्हणे. जपून जपून मारला.

त्यानं सेल बदलला आणि मग कितीतरी वेळ डिस्क त्याला सापडेना. डब्बा कुरकुरायचा, थांबायचा. तो म्हणाला, ही डिस्क काढून दुसऱ्या मशीनवर उतरवता आली असती, पण तिची वायर आता मिळत नाही, नागपूरहून मागवावी लागेल. मी विचारलं, तोवर टिकेल का? तो म्हणाला, सांगता येत नाही. मी म्हटलं, "मंग कायले सांगतो? पाय ना पुढं." तो माझ्याकडं पाहून हसला. "काकीजीचं कठीण होतं जी तुमच्यासंगं." त्याचं खरं होतं आणि मला त्याला थापड मारावीशी वाटत होती.

शेवटी डिस्क सापडली. तारखेच्या जागी कोणतं तरी जुनं साल आलं, आमच्या लग्नाच्या आसपासचं. मग खाणीचं चित्र. मग ते गाणं, जे दुकान बंद केल्यापासून मी रोज अर्धवट झोपेत ऐकलेलं. दोन सूर वाजले आणि तिसऱ्या सुराला ते अडकलं. टूंऽऽऽ.

"हँग झाला," तो म्हणाला आणि बटणाकडं हात नेला.

"थांब! बंद नको करू. डाव्या अंगाले थापड मार."

"मशीनले थापड नाई मारत जी."

"मार म्हणतो ना!"

त्यानं मारली. गाणं पुढं गेलं. त्यानं वाकून आत पाहिलं, म्हणाला, आवाजाचं कार्ड ढिलं आहे, बरोबर त्याच बाजूला. मला कार्ड-बिर्ड माहीत नव्हतं. टूंऽऽऽ, मग थप्, मग गाणं. रोज दुपारी माझी झोप तिथंच मोडायची आणि मी भिंतीकडं तोंड करून शिवी द्यायचो. ती शिवी तिला ऐकू जात असणार. घर केवढं आमचं.

कीबोर्डावर दोन टिकल्या होत्या. लाल आणि हिरवी. त्यानं हिरवी दाबली आणि एक यादी उघडली. वीस ओळी. खेळ जिथं थांबवला तिथं नाव देऊन ठेवता येतो, त्यानं मला सांगितलं. वीसच जागा असतात. भरल्या की जुनी पुसून नवी.

तो एकेक वाचायला लागला. "दूध. नल आला. शिटी तीन. पावने." तो हसला. "म्हंजे जे मधात आलं, त्याचं नाव! वा काकीजी." मग थांबला. "हे काय? ही एल. ही एल. ही एल. लय वेळा हाय. एल म्हंजे इंग्रजीत बिअरसारखी दारू असते. तो दारू का काय?"

माझं टाळकं सरकलं. "माया बायकोच्या वहीत दारू?"

"वहीत नाई जी, इथं हाय. एच, ई, मंग जागा, मंग ए, एल, ई."

"मराठीत वाच."

"हे..." तो म्हणाला. "हे आले."

झेरॉक्सचं मशीन पुढच्या खोलीत चालू होतं. त्यानं बायकोला हाक मारून ते बंद करायला सांगितलं. मग हळू आवाजात बाकीची यादी वाचली. हे आले. हे आले. हे आले. काही ठिकाणी हे उठले. ते दुकान बंद केल्यानंतरचे. आधी मी बाहेरून यायचो तेव्हा ती उठायची, नंतर मी झोपेतून उठायचो तेव्हा ती उठायची. वीस जागांपैकी पंधरा माझ्या. दुधाला एक, नळाला एक, शिटीला एक, पाहुण्यांना एक. दुधानं तिला एवढं उठवलं नव्हतं.

विसाव्या ओळीत होतं, दिवा.

"लाव," मी म्हटलं.

माणूस एका मोठ्या दालनात उभा होता, हातात कंदील. चहूबाजूंनी मिठाच्या भिंती, कंदिलाच्या उजेडात सगळ्या चकाकणाऱ्या. दार कुठंच नाही. तिच्या वहीत सगळे हुकूम दोन्हीकडं लिहिलेले होते, पण या शेवटच्याला उजवी बाजू कोरी होती. फक्त मराठी: दिवा वाढवला की बाहेर.

इथं मी शहाणपणा केला. कंदिलातलं मला कोणी शिकवू नये. मी खुर्ची पुढं ओढून म्हटलं, "वात वाढवाची हाय. उजेड जास्त झाला का दार दिसन. लिही, वात वर कर."

त्यानं लिहिलं. वात मोठी झाली, चित्र लाल झालं, मोठा भडका उडाला. खाली इंग्रजी ओळ आली. "मेला जी," तो म्हणाला. "खाणीत गॅस हाय म्हणते."

पुन्हा हिरवी टिकली. पुन्हा दिवा. त्यानं वेगळे शब्द लिहून पाहिले. कंदील मोठा कर. भडका. उजेड वाढव. भडका. मी म्हटलं, हळूहळू वाढवून पाहा. 'समजलं नाई.' मी म्हटलं, आधी काच साफ कर. काच साफ झाली, मग वाढवला, भडका. त्यानं मोबाईलवर शोधलं, त्या खेळाबद्दल कुठं काही सापडलं नाही. मी त्याच्यावर ओरडलो, तुले इंग्रजी येते का नाई. तो माझ्यावर ओरडला, "इंग्रजी येते जी, तुमचा कंदील नाई येत!" डिस्क कुरकुरत होती. प्रत्येक भडक्याला ती थोडी जास्त कुरकुरायची. आणि मला तिचा राग यायला लागला. साफ लिहून ठेवायला काय झालं होतं? सगळ्या खाणीचं लिहिलं आणि शेवटचंच अर्धं सोडलं. माहीत होतं ना, मी चौथी पास आहे?

दोन वाजत आले. त्याच्या बायकोनं पुढून हाक मारली. तो उठला, हात झटकले.

"चला काकाजी, दुकान वाढवतो आता. दोन घास खाऊन घेऊ, मंग पाहू. तुमीबी चाला घरी."

मी उठलो आणि तसाच उभा राहिलो.

"काय म्हणला तू?"

"जेवाले चाला म्हटलं."

"त्याच्या आंधी."

"दुकान वाढवतो म्हटलं. काऊन?"

पस्तीस वर्षं मी रोज संध्याकाळी फळ्या लावताना हेच म्हणायचो. दुकान बंद करतो, असं आमच्या बाजारात कोणी म्हणत नाही. हातातली बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' म्हणायची. देवापुढचा दिवा विझला असं ती आयुष्यात बोलली नाही. वाढला, म्हणायची. विजेच्या बल्बलासुद्धा म्हणायची, "तो दिवा वाढवा जी, दिवसाढवळ्या कायले जाळता?" आणि मी, आयुष्यभर कंदिलाच्या वाती वरखाली केलेला माणूस, तिच्या एका साध्या शब्दावर दोन तास भडके उडवत बसलो होतो. तिनं साफच लिहिलं होतं. माझ्याच भाषेत लिहिलं होतं.

"विझव," मी म्हटलं. "विझवाचा हाय तो. सगळ्या भिंती त्याच्यानंच चमकून राह्यल्या. तो गेला का जिथून बाहेरचा उजेड येते, तेवढंच दिसन."

तो धपकन खुर्चीत बसला. "आईशप्पथ," म्हणाला आणि कीबोर्डावर हात ठेवले.

"हात काढ."

"काऊन जी? एवढं केलं मी, शेवट तं पाहू द्या!"

"तुले दाखवाले नाई ठेवला तिनं."

त्याचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण मी शब्द मागं घेतला नाही. थोड्या वेळानं त्यानं कानातला पेन काढला आणि कागदावर मोठ्या अक्षरांत तीन शब्द लिहून दिले. PUT OUT LAMP. एकेक अक्षर कीबोर्डावर कुठं आहे ते दाखवलं.

"आउट म्हंजे बाहेर ना?" मी विचारलं.

"हो."

"मंग दिवा बाहेर ठेव म्हणते का हे?"

"नाई जी. इंग्रजीत विझव असंच म्हणतात."

म्हणजे त्यांच्याही बायका विझव म्हणत नसतील. मी डब्बा शालीत बांधला. त्याच्या घरी जेवलो नाही. जायला हवं होतं. त्याची बायको ताट वाढून बसली होती. निघताना तो म्हणाला, "काय होते ते फोन करून सांगजा." मी हो म्हटलं आणि अजून केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासली. आता मीच घासतो. वायरी त्यानं रंग लावून दिल्या होत्या, रंगाला रंग जोडला. दुसऱ्या खुर्चीवरचे शर्ट उचलले. घडी मला येत नाही, गुंडाळून बाजेवर टाकले. आणि त्या खुर्चीवर बसलो. तिची खुर्ची मोकळी ठेवली, तिच्यावरून हात लांब करून बटण दाबलं. टूंऽऽऽ झालं. थापड मारली. हिरवी टिकली. दिवा.

एका बोटानं लिहिलं. 'तू काय म्हणतो ते मले समजलं नाई.' अक्षर चुकलं होतं. मी मोठ्यानं म्हटलं, "थांब ना भो, लिहून राह्यलो!" पुन्हा कागदाशी ताडून लिहिलं आणि मोठं बटण दाबलं.

सगळं काळं झालं.

मला वाटलं वीज गेली. मग वाटलं डिस्क गेली. माझ्या तोंडातून जी शिवी निघाली ती तिच्या खुर्चीला ऐकू गेली असेल. डाव्या अंगाला एक थापड मारली, दोन मारल्या. मग दिसलं. काळ्यात एक बारीक रेघ होती. डोळे थोडे सरावले तसे ती निळी झाली. माणूस आपणहून तिच्याकडं चालायला लागला.

बाहेर एक माळरान होतं. वर आभाळ, कपड्यांना लावायच्या निळीसारखं. लांब एक घर, त्यातून धूर. माणूस हातात विझलेला कंदील घेऊन उभा. खाली इंग्रजीच्या चार ओळी. एवढंच.

"एवढंच?" मी म्हटलं. खरंच राग आला. एवढ्यासाठी वीस वर्षं? असं माळरान मी तिला नालवाडीच्या मागं रोज दाखवलं असतं. दहा मिनिटांवर आहे. कधी नेलं मी तिला? कधीच नाही. आणि ती एवढासा उजेड मला दाखवायला खुर्ची मोकळी करून बसली होती.

मग म्हटलं, ठेवून तर देऊ. आलो ना शेवटी. मी लाल टिकली दाबली. यादी उघडली, वीसच्या वीस ओळी भरलेल्या. मशीन एका ओळीवर लुकलुकत विचारत होतं, यातली कोणती पुसू? मी पुलगावात ऐकलेली नावं बोटानं मोजत गेलो. हे आले. ती अक्षरं आता मला वाचता येत होती. दूध पुसू? नळ पुसू? तिला स्वतःसाठी म्हणून या यादीत एकही जागा नव्हती, त्यातली एक मी पुसू? माझ्याच पंधरांतली एक पुसावी म्हटलं, तर त्यातल्या प्रत्येक ओळीवर ती या खुर्चीतून उठली होती. जिथून ती उठली ते मी पुसणार कसं?

हे आले, आणि जागा नाही.

मी लाल टिकली सोडली आणि हिरवी दाबली. पुन्हा मिठाच्या भिंती, चहूबाजूंनी चकाकणाऱ्या. माणूस खाणीत, हातातला कंदील पेटलेला, जसा तिनं ठेवला तसा.

मुलाचा फोन आला तेव्हा तो तसाच चालू होता.

"बाबा, टेबल मोकळा झाला का? पलंगवाल्याले सांगू?"

"नको सांगू."

"काऊन? भंगारवाला नाई आला का?"

"आला तं त्याले आत घेत नाई मी. आणि तू आता येशीन तं दुपारचा येजो. खुर्चीवर बसून तुले एक दाखवाचं हाय."

"काय?"

"फोनवर नाई समजत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.